वाशिम जिल्ह्यातील ओस पडलेले वाडे व गढ्या

वाशिम जिल्ह्यातील ओस पडलेले वाडे व गढ्या म्हणजे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वाशिम जिल्ह्यात असलेली, पूर्वी देशमुख, देशपांडे, पाटील, सावकार आणि व्यापारी घराण्यांच्या वापरात असलेली व आज निर्मनुष्य झालेली जुनी निवासस्थाने होत. अशी घरे एकाच आपत्तीत रिकामी झालेली नाहीत. ज्या महसुली आणि व्यापारी व्यवस्थेसाठी ती बांधली गेली ती आधी संपली. त्यानंतर एकत्र कुटुंबे विभागली गेली आणि शेवटी घरात एक-दोन वृद्ध माणसेच उरली. मातीच्या बांधकामाला दरवर्षी दुरुस्ती लागते. त्यामुळे अशा घराचा शेवटचा रहिवासी हा बहुधा त्याचा शेवटचा राखणदारही असतो आणि त्याच्या पश्चात घर थोड्याच पावसाळ्यांत ढासळू लागते.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती व तिचा मोठा भाग ग्रामीण आहे.

संज्ञा

वऱ्हाडात 'गढी' हा शब्द उंचवट्यावर बांधलेल्या, मातीचा तट व बुरूज असलेल्या निवासस्थानासाठी वापरला जातो. 'वाडा' म्हणजे एक वा अधिक चौकांभोवती बांधलेले मोठे घर. वाड्याला तट असेलच असे नाही. गढीच्या आतही वाडा असू शकतो. घर पडून मोकळ्या झालेल्या जागेस 'बखळ' म्हणतात.

गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणण्याची महाराष्ट्रात जुनी रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण व पडलेल्या भिंतींची माती साचून वस्तीखालची जमीन फिकट रंगाची होते, यावरून हे नाव पडले.

वस्ती उठून गेलेल्या गावास महसुली भाषेत 'उजाड' किंवा 'बेचिराग' म्हटले जाते. बेचिराग या फारसी शब्दाचा अर्थ 'जेथे दिवा नाही असे' असा आहे. मराठीत रूढ असलेला 'बेचिराख' हा शब्द त्यापासूनच आला असून पुढे 'राख' या शब्दाशी जोडला जाऊन त्याला जळून नष्ट झाल्याची छटा मिळाली. अशा प्रकारे दिवा विझलेल्या गावासाठी सरकारी दफ्तरात संज्ञा आणि नोंद दोन्ही आहेत. दिवा विझलेल्या घरासाठी तशी वेगळी नोंद नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वाशिम हे प्राचीन वत्सगुल्म असून वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये येथे उजेडात आला. मोगल काळात वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते आणि आईन-ए-अकबरी या ग्रंथात त्याची नोंद आहे. सरकाराची विभागणी परगण्यांत होत असे. परगण्याचा महसूल वसूल करण्याची जबाबदारी देशमुखाकडे, तर हिशेब व दफ्तर राखण्याची देशपांड्याकडे असे. गावपातळीवर हीच कामे अनुक्रमे पाटील व कुळकर्णी करीत. वऱ्हाडात कुळकर्ण्यास पटवारी किंवा पांड्या असेही म्हणतात.

गढी ही या व्यवस्थेची इमारत होती. धान्य व रोकड साठवणे, वसुलीचे कागद ठेवणे, शिपाई बाळगणे, न्यायनिवाड्यासाठी गावकऱ्यांना बसवणे आणि लुटारूंच्या धाडीत आश्रय देणे ही कामे तेथून चालत. अठराव्या शतकात वऱ्हाडच्या महसुलावर हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही हक्क चालत असे. दुहेरी वसुली व वारंवारच्या चढाया यांमुळे तटबंदीच्या घरांची गरज टिकून राहिली. व्यापारी पेठांनाही हा धोका होता. कारंजा हे वऱ्हाडातील संपन्न व्यापारी गाव होते आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने ते लुटले. या गावाला पुढे तट होता. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या त्याच्या चार वेशींची नावे आजही प्रचलित आहेत.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. नव्या राजवटीत जमिनीची मोजणी होऊन रयतवारी पद्धत लागू झाली आणि सरकार शेतकऱ्याकडून थेट सारा घेऊ लागले. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम त्यामुळे संपले. काही घराण्यांना रोख नेमणुका व इनामे चालू राहिली. गढीचे प्रशासकीय प्रयोजन येथे संपले, परंतु घर मात्र रिकामे झाले नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाड हा कापसाचा प्रमुख प्रदेश बनला. या पैशातून जुन्या वाड्यांना माड्या चढल्या, कोरीव सागवानी खांब आले आणि सावकार-व्यापाऱ्यांनी नवे वाडेही बांधले.

शतकाच्या अखेरीस १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी वऱ्हाडाला झोडपले. १८९१ मध्ये २८,९७,४९१ असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये २७,५४,०१६ पर्यंत उतरली. १९०५ मध्ये तत्कालीन वाशिम जिल्हा मोडण्यात आला आणि त्याचे तालुके अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागले गेले. त्यामुळे वाशिम शहराचे जिल्हा मुख्यालयाचे स्थान पुढील नव्वदहून अधिक वर्षांसाठी गेले.

रचना

गढीसाठी बहुधा पांढरीचा उंचवटा निवडला जाई. वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील पाया हलतो. पांढरी माती त्या मानाने कमी फुगते व भिंतींसाठी योग्य ठरते. तटाचा खालचा भाग दगडाचा किंवा भाजक्या विटांचा आणि वरचा भाग मातीचा असे. प्रवेश एकाच मोठ्या दरवाजातून होई. दरवाजाच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असे. आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर, देवघर व स्वयंपाकघर असा क्रम असे. धान्य साठवण्यासाठी भिंतीत बांधलेली बळदे आणि जमिनीत खणलेली पेवे असत. पाण्यासाठी आवारातच आड किंवा विहीर असे.

सामान्यतः छत धाब्याचे, म्हणजे सपाट मातीचे असे. सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर लाकडी पट्ट्या व पाला आणि सर्वांत वर खारवट पांढऱ्या मातीचा जाड थर दाबून बसवला जाई. पाणी जाण्यासाठी पन्हळी ठेवल्या जात. जाड भिंती आणि मातीचे छत यांमुळे वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात घर आतून थंड राहते.

देखभाल

धाब्याचे आयुष्य देखभालीवर अवलंबून असते. पावसाळ्यापूर्वी छतावर नवी माती टाकून ती चोपावी लागते, उगवलेले गवत व रोपे उपटावी लागतात आणि पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. पाऊस सुरू असताना गळती दिसताच वर जाऊन तेथे माती दाबावी लागते. भिंतींना आतून-बाहेरून लिंपण, जमिनीला शेणाचे सारवण आणि लाकडाला वाळवीपासून जपणे ही कामे वर्षभर चालतात. चुलीचा धूर लाकडातील किडे दूर ठेवण्यास काही अंशी साहाय्यभूत होई.

ही कामे स्वस्त होती, पण त्यांना हात पुष्कळ लागत. मोठ्या घराण्यात ती गडीमाणसे व बलुतेदार करीत. रोजगाराची पद्धत बदलून मजुरी रोखीने द्यावी लागू लागली, तसा हा खर्च वाढत गेला. धाबे चोपण्याचे कसब असलेले कारागीरही कमी झाले. अनेक घरांत धाबे उतरवून कौले किंवा टिनपत्रे घालण्यात आली. ज्यांना एवढेही शक्य झाले नाही त्यांनी घराचा गळका भाग वापरातून काढून टाकला.

ओस पडण्याची कारणे

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाड्यांमागचा आर्थिक आधार झपाट्याने कमी झाला. विदर्भासाठीचा १९५८ चा कुळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा यांमुळे मोठ्या जमिनी कमी झाल्या. महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद १ जानेवारी १९६३ पासून रद्द झाले. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार आलेले पोलीस पाटील हे पद नेमणुकीचे आहे.

याच सुमारास शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुले अकोला, अमरावती, नागपूर, पुणे अशा शहरांकडे जाऊ लागली. प्रारंभी हा मार्ग परतीचा समजला जाई. प्रत्यक्षात दुसऱ्या पिढीचे शिक्षण व विवाह शहरातच झाले आणि गावातील घर सुट्टीत येण्याचे ठिकाण बनले.

तिसरे कारण वाटणीचे आहे. शेताची वाटणी बांध घालून करता येते. एका चौकाच्या, एकाच दरवाजाच्या घराची तशी वाटणी करणे कठीण असते. काही वाड्यांत चौकातच भिंती उभ्या राहिल्या. त्यामुळे पन्हळींचे उतार बिघडले आणि एका हिश्शाच्या गळतीचे पाणी दुसऱ्या हिश्शात उतरू लागले. जेथे वाटणी झाली नाही तेथे वारसांची संख्या प्रत्येक पिढीत वाढत गेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्री वारसांचे हक्क वाढवले आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. हे बदल न्याय्य असले, तरी जुन्या घराबाबत निर्णय घेण्यासाठी आता अनेक शहरांतील अनेक वारसांची संमती लागते. घर विकायचे की दुरुस्त करायचे यावर एकमत न होणे हे ते तसेच पडून राहण्याचे एक सामान्य कारण आहे.

शेवटचे रहिवासी

वाड्यात शेवटपर्यंत राहणाऱ्यांत वृद्ध विधवा, अविवाहित वा निपुत्रिक भाऊ आणि शेती पाहण्यासाठी मागे राहिलेला एखादा मुलगा यांचे प्रमाण अधिक दिसते. काही ठिकाणी घरातील माणसे गेल्यावरही जुने गडी किंवा भाडेकरू राहिले. शाळा, टपाल कार्यालये आणि सहकारी संस्थाही वाड्यांच्या खोल्यांत भरत. त्यांच्या स्वतःच्या इमारती झाल्यावर ते उत्पन्नही थांबले.

घर साधारणतः एका ठरावीक क्रमाने रिकामे होते. जिना चढणे वृद्धांना अशक्य झाल्याने प्रथम माडी बंद होते. मग गळणारा मागचा चौक सोडला जातो. राहणे, स्वयंपाक व झोपणे पुढच्या ओसरीवर किंवा देवडीलगतच्या खोलीत येते. अखेरीस आवारातच टिनपत्र्याची वा सिमेंटची लहान खोली बांधली जाते आणि जुने घर समोर उभे असूनही त्यात कोणी राहत नाही. देवघर हा बहुधा सर्वांत शेवटी सुटणारा भाग असतो.

विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींच्या सणास 'महालक्ष्म्या' म्हणतात. अनेक घराण्यांत हा सण मूळ घरीच करण्याची रीत आहे. विखुरलेले भाऊबंद वर्षातून एकदा त्यासाठी एकत्र येतात, त्या निमित्ताने घर झाडले-सारवले जाते आणि दुरुस्तीचीही चर्चा होते. गावात राहणारी वृद्ध व्यक्ती गेल्यानंतर महालक्ष्म्या शहरातील घरी नेल्या जातात. पोळ्याच्या दिवशी मानाचा बैल ज्या दारातून निघे ते दारही अशाच प्रकारे बंद होते. कुळाचार हलल्यानंतर मूळ घराकडे येण्याचे निश्चित कारण उरत नाही, म्हणून रिकामे होण्याच्या प्रक्रियेत हा टप्पा निर्णायक ठरतो.

ओस पडल्यानंतर

कुलूप लागलेल्या घरात पन्हळ तुंबते, पाणी धाब्यावर साचते, कड्यांची टोके कुजतात आणि छताचा एक भाग खाली येतो. छत गेल्यावर मातीच्या भिंतीचा माथा उघडा पडतो व प्रत्येक पावसात विरघळत जातो. भिंतीत रुजलेले पिंपळ, वड यांसारखे वृक्ष ती फोडतात.

उरलेल्या वास्तूचा वेगवेगळ्या कारणांनी उपसा होतो. जुन्या सागवानाला बाजारात चांगली किंमत असल्याने खांब, तुळया व कोरीव चौकटी विकल्या जातात. चिरे व विटा नव्या बांधकामास जातात. पांढरी माती भरावासाठी किंवा शेतात खतासारखी टाकण्यासाठी नेली जाते. या शेवटच्या उपशाने केवळ गढीच नव्हे, तर तिच्याखालील जुन्या वस्तीचे थरही नष्ट होऊ शकतात. खापरे, मणी व नाणी अशा थरांतच सापडतात आणि थर हलला की त्यांचा काळ ठरवणे कठीण होते.

ओसाड गढीत गुप्तधन असल्याच्या समजुतीने रात्री खणण्याचे प्रकारही घडतात. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मूल्याचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

कमी दिसणारे नुकसान कागदपत्रांचे आहे. वसुलीचे हिशेब, वतनाच्या सनदा, निवाडे आणि खासगी पत्रे यांची दफ्तरे अनेक वाड्यांत कापडी बासनांत बांधलेली असत. त्यांतील बरीच मोडी लिपीत असल्याने नंतरच्या पिढ्यांना ती वाचता येत नाहीत. त्यामुळे ती निरुपयोगी समजली जातात. छत गळू लागल्यावर ती ओलावा व वाळवीला बळी पडतात.

नोंदी व कायदेशीर स्थिती

गावठाणातील घरांची नोंद शेतजमिनीप्रमाणे सात-बारा उताऱ्यावर नसते. ती ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये असते. या नोंदीवरून घराचे वय, त्याची रचना किंवा ते कधीपासून रिकामे आहे हे कळत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांचे नकाशे करून मालमत्ता पत्रके दिली जातात. त्यातून हद्द निश्चित होते, पण हिश्श्यांचे वाद त्यामुळे आपोआप मिटत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली. त्यांत विक्रीविना राहिलेले नवे सदनिकागाळे आणि पडीक वाडे यांचा भेद केलेला नाही. मातीच्या भिंतींची गणना अस्थायी साहित्यात होत असल्याने शतकाहून जुनी गढीही 'कच्चे घर' ठरू शकते.

केंद्राचा १९५८ चा व महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा घोषित स्मारकांना संरक्षण देतो. खासगी मालकीचे सामान्य वाडे व गढ्या क्वचितच या यादीत येतात. शहरांच्या विकास योजनेत वारसा वास्तूंची सूची करता येते. खेड्यांना मात्र बहुधा अशी योजनाच नसते.

टिकून राहिलेल्या वास्तू

कारंजा (लाड) येथे टिकणे व पडणे या दोन्हींची उदाहरणे जवळजवळ आढळतात. दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान मानले जाते आणि त्यांच्या जन्माशी जोडलेल्या वाड्यात भाविक आजही दर्शनासाठी जातात. गावातील जैन मंदिरे, विशेषतः काष्ठासंघाचे मंदिर, लाकडी कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहेत. येथील भांडारांतील हस्तलिखिते जपली गेल्यामुळे विसाव्या शतकात कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील महत्त्वाचे ग्रंथ प्रकाशित होऊ शकले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे त्यांपैकी एक असून ते १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच गावात कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगितली जाते. एका धनाढ्य व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली सर्व कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात मिसळली, अशी ती कथा आहे.

या वास्तू व ग्रंथ टिकले ते सामूहिक व्यवस्थेमुळे. मंदिर, मठ किंवा भांडार यांच्या देखभालीची जबाबदारी एका पिढीकडून दुसरीकडे संस्थेच्या रूपाने जाते. खासगी वाड्याची तीच जबाबदारी वारसांच्या संख्येबरोबर विभागली जाते आणि अखेरीस कोणाचीच राहत नाही.

सामाजिक अर्थ

ओस गढीकडे पाहण्याची दृष्टी गावात एकसारखी नाही. त्या घराण्यांच्या वंशजांसाठी ती प्रतिष्ठेची व बालपणाची खूण आहे. ज्यांच्या पूर्वजांनी तेथे वेठीने राबून काम केले, ज्यांना चौकाच्या आत प्रवेश नव्हता किंवा ज्यांची जमीन कर्जापायी सावकाराच्या वाड्यात गहाण पडली, त्यांच्यासाठी तिचे रिकामे होणे हा जुन्या सत्तेच्या अंताचा पुरावा आहे. गढीच्या भिंतींत दोन्ही इतिहास आहेत. तिची नोंद न होता ती नाहीशी झाली, तर राबणाऱ्यांचा इतिहास अधिक लवकर पुसला जाण्याची शक्यता असते, कारण त्यांच्या श्रमाचे अन्य अवशेष फारसे उरलेले नाहीत.

विदर्भातील वाडासंस्कृतीच्या अस्ताचे चित्रण महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या नाटकात आढळते. १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम रंगभूमीवर आले. 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' ही त्याच मालिकेतील पुढील नाटके आहेत. एलकुंचवारांचा जन्म वाशिमच्या शेजारील यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला.

अन्य देशांतील स्थिती

ग्रामीण घरे ओस पडण्याची प्रक्रिया जगात अनेक ठिकाणी दिसते. जपानमध्ये अशा घरांना 'अकिया' म्हणतात. २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार तेथे सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांपैकी १३.८ टक्के, रिकामी होती. अनेक नगरपालिका अशा घरांच्या याद्या प्रसिद्ध करून त्यांना नवे रहिवासी मिळवून देण्याचा प्रयत्न करतात. वेल्सच्या ग्रामीण भागात ओस पडलेल्या शेतघरांच्या दगडी भिंती छत गेल्यावरही दीर्घकाळ उभ्या राहतात. त्यामुळे तेथे घर कोणाचे होते व शेवटी कोण राहत होते याचा शोध उशिराही घेता येतो. वऱ्हाडातील मातीच्या घराला तेवढा अवधी मिळत नाही. भिंत विरघळून पुन्हा पांढरीत मिसळली की जागेवर बखळ उरते, आणि त्या घराची माहिती ज्यांना आहे त्या वृद्धांच्या स्मरणाखेरीज तिचे दुसरे साधन बहुधा नसते.